होळी झाली की रीफ टाकीत शेवाळ: तिसऱ्या उन्हाळ्यात सापडलेलं कारण

रीफ टाकी म्हणजे घरातली खाऱ्या पाण्याची, मासे आणि प्रवाळ असलेली टाकी. तक्रार साधी आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी टाकी झकास असते. होळी पेटली की दगडांच्या कडांवर हिरवी लव दिसू लागते. गुढीपाडव्यापर्यंत ती बोटाच्या पेराएवढी होते आणि एप्रिलच्या मध्यावर मागच्या दगडाला दाढी फुटलेली असते. उपटलं, घासलं, पाणी बदललं की दोन-तीन आठवडे बरे जातात, मग पुन्हा तेच. माझ्याकडे हे सलग तीन उन्हाळे झालं. तुमच्याकडेही शेवाळ असंच ठरावीक मोसमात येत असेल तर पुढचं वाचा. वर्षभर सारखंच असेल तरी निम्मं उपयोगी पडेल.

टाकी पुण्यात, फ्लॅटच्या हॉलमध्ये. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. दगड-वाळूची जागा वजा करून खालच्या सम्पसकट (यंत्रं ठेवायची दुसरी टाकी) पाणी दोनशे लिटरच्या आसपास. खारटपणा ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग मीठ), तापमान २६ अंश. स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारा), दोन वेव्हमेकर (प्रवाह देणारे पंप), एलईडी दिवा. मासे चार: क्लाउनफिशची जोडी, एक रॉयल ग्रामा, एक ब्लेनी. प्रवाळ सगळे मऊ: झोअँथिड, मशरूम, एक लेदर. दगडी प्रवाळ नाहीत आणि ठेवणारही नाही, कारण रीफ बांधणारे सगळे दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. समुद्रपंखेही. दुकानात कोणी ‘न्या हो, काही होत नाही’ म्हणालं तरी नेऊ नका. समुद्रातून उचललेला मेलेला तुकडासुद्धा नको. माझे दगड तयार केलेले, कोरडे आणलेले आहेत.

आधी ते आहे तरी काय?

‘शेवाळ झालंय, काय टाकू?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. पाच-सहा वेगवेगळ्या गोष्टींना आपण शेवाळ म्हणतो, आणि एकीचं औषध दुसरीला खतपाणी ठरतं. हे मी स्वतःच्या टाकीत करून बघितलंय, ते पुढे येईलच.

टाकी दोन महिन्यांच्या आतली असेल आणि वाळूवर, काचेवर तपकिरी धूळ बसत असेल तर ते डायॅटम. पाण्यातला सिलिकेट संपला की बहुतेक वेळा आपोआप जातात. काच पुसा आणि धीर धरा, बाकी काही करू नका.

लाल-जांभळी, चकचकीत, अखंड चादर असेल आणि नळीने ओढल्यावर दुधावरच्या सायीसारखी पापुद्र्याने निघत असेल तर तो सायनो. नावातच साय आहे, लक्षात ठेवायला बरं. हे शेवाळ नव्हेच, प्रकाशसंश्लेषण करणारे जिवाणू आहेत. प्रवाह कमी पोचतो अशा कोपऱ्यात आधी बसतात. वेव्हमेकरचं तोंड फिरवा, साय ओढून काढा, खाद्य आवरा.

तपकिरी, शेंबडासारखे धागे आणि त्यांच्या टोकाला अडकलेले हवेचे बुडबुडे, सकाळी जवळजवळ गायब आणि दुपारी दिवे पेटून चार तास झाले की पुन्हा हजर: हे डायनो, म्हणजे डायनोफ्लॅजेलेट. यांना सायनो समजून औषध टाकणारे बरेच. फरक कळायला एक घरगुती युक्ती आहे. थोडा शेंबूड टाकीच्या पाण्यासकट लहान बाटलीत घ्या, जोरात हलवा, टिश्यूपेपरमधून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. डायनो असतील तर सुटे झालेले पेशी पुन्हा एकत्र येऊन धागे धरतात. सायनो तसे एकत्र येत नाहीत. भाच्याचा शाळेतला सूक्ष्मदर्शक मिळाला तर उत्तम, ४०० पट मोठं दिसलं की बास.

भिजवलेल्या साबुदाण्यासारखे हिरवे चकचकीत मणी म्हणजे व्हॅलोनिया. फोडू नका, मुळाशी स्क्रूड्रायव्हर घालून अख्खा मणी उचका आणि शेजारीच नळी धरून ओढून घ्या.

राहिलं केसाळ शेवाळ. ओला कापूस लोंबावा तसं हिरवं, मऊ, बोटाने धरलं की तुटणारं. प्रत्येक धाग्याला पिसासारख्या बारीक फांद्या असतील तर ते ब्रायॉप्सिस. ते जास्त चिवट, आणि पोषण कितीही आवळलं तरी सहसा हटत नाही. माझ्याकडे साधं केसाळ होतं, त्यामुळे पुढची सगळी हकिगत त्याचीच.

टेस्ट किट शून्य दाखवतं, मग शेवाळ कुठून?

शेवाळाचं खाद्य म्हणजे नायट्रेट आणि फॉस्फेट. पहिल्या वर्षी नायट्रेट शून्य, फॉस्फेट शून्य. मी म्हटलं, पाणी तर स्वच्छ आहे. पाहुणे जेवून गेल्यावर रिकामं पातेलं बघून आज स्वयंपाकच झाला नाही म्हणावं, तसं ते होतं. किट फक्त पाण्यात उरलेलं मोजतं. शेवाळाच्या पोटात गेलेलं मोजत नाही. दगडांवर मूठभर शेवाळ आहे आणि किट शून्य दाखवतंय, याचा अर्थ रोज येतंय तेवढं सगळं शेवाळ खातंय. तेव्हा त्या वाचनापेक्षा महत्त्वाचा प्रश्न हा की रोज येतंय किती आणि कुठून.

एककांचा घोळही इथेच सांगून टाकतो, कारण त्यात माझे दोन महिने गेले. हॅना कंपनीचा तो अंड्याएवढा फॉस्फरस चेकर पीपीबीमध्ये (अब्जात किती भाग) आणि फॉस्फरस म्हणून आकडा देतो. त्याला ३.०६६ ने गुणून हजाराने भागलं की फॉस्फेट पीपीएममध्ये, म्हणजे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मिळतं. पडद्यावर २० दिसलं तर फॉस्फेट ०.०६ झालं. मी २० बघून आधी घाबरलो होतो आणि मग कोणीतरी ‘०.०२ म्हणजे उत्तम’ म्हणाल्यावर निर्धास्त झालो होतो. दोन्ही चूक. काही नायट्रेट किटही नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात, त्याला ४.४ ने गुणायचं. पत्रकावरची बारीक अक्षरं वाचा.

मऊ प्रवाळांच्या टाकीत मी नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ यांच्या मध्ये ठेवतो. शून्य कधीच नको. का नको, ते दुसऱ्या उन्हाळ्याने शिकवलं.

दोन उन्हाळे, दोन चुका

पहिल्या उन्हाळ्यात मी दिसेल ते केलं. टूथब्रशने टाकीतच घासलं, म्हणजे तुटलेले तुकडे प्रवाहाबरोबर सगळीकडे पेरले. तीन दिवस चादर टाकून अंधार केला. केसाळ शेवाळ तीन दिवसांच्या अंधाराला फारसं जुमानत नाही, फिकं पडतं आणि परत उभं राहतं. आठवड्याला वीस लिटर पाणी बदललं. आता गणित करा: दोनशेतले वीस बदलले म्हणजे पाण्यातलं दहा टक्के पोषण गेलं. समजा फॉस्फेट ०.२० असेल तर ते ०.१८ होणार, आणि आठवड्याच्या खाद्याने ते भरूनही निघणार. एवढ्याने जुनं शेवाळ हटत नाही. शिवाय बदलीचं पाणी कुठलं होतं हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही.

जूनमध्ये पाऊस आला आणि शेवाळ हळूहळू ओसरलं. मला वाटलं, जिंकलो.

दुसऱ्या मार्चमध्ये ते पुन्हा दिसताच मी जीएफओ आणलं. लोहाच्या ऑक्साइडचे ते विटकरी दाणे फॉस्फेट पकडून ठेवतात. पाकिटावर लिहिलेली मात्रा मला कमी वाटली, म्हणून दीडपट घातलं. दहा दिवसांत फॉस्फेट खरोखरच शून्य. शेवाळ पिवळं पडलं, मी खूश. मेच्या शेवटी वाळूवर तपकिरी शेंबूड आला, बुडबुड्यांसकट. त्याच आठवड्यात चार टर्बो गोगलगायी मेल्या.

भाच्याच्या सूक्ष्मदर्शकाखाली अळशीच्या बीसारखे, एका टोकाला निमुळते पेशी एकाच जागी गिरक्या घेताना दिसले. ऑस्ट्रिओप्सिस, डायनोंचाच एक प्रकार. हे विषारी असतात, गोगलगायी त्यांना खाऊन मरतात. पोषण दोन्ही बाजूंनी शून्याला टेकलं की शेवाळ आणि बाकीचे सूक्ष्मजीव उपाशी मरतात आणि मोकळ्या जागेवर डायनो पसरतात. म्हणजे मी केसाळ शेवाळ काढून त्याच्या जागी त्याहून वाईट भाडेकरू आणून बसवला होता.

यावर इलाज उलटा होता: जीएफओ काढलं, पाणी बदलणं थांबवलं, माशांचं खाद्य वाढवलं आणि सोडियम नायट्रेटचं द्रावण थेंबाथेंबाने घालून नायट्रेट ५ वर आणलं. विष शोषून घ्यायला कार्बन ठेवला. ऑस्ट्रिओप्सिस रात्री वाळू सोडून पाण्यात तरंगायला निघतात, म्हणून एका ओळखीच्यांकडून यूव्ही (अतिनील दिव्याचा फिल्टर) मागून आणला आणि त्यातून रात्रभर पाणी फिरवलं. तीन आठवड्यांत आवरलं. तुमच्याकडचे डायनो गोलसर, वाळूवर सरपटणारे असतील तर ते बहुधा अँफिडिनियम. ते रात्री वाळूतच राहतात, त्यामुळे यूव्हीचा फारसा उपयोग नाही. तिथे लोक मुद्दाम सिलिकेट घालून डायॅटम वाढवतात, म्हणजे ते जागा बळकावतील. म्हणून म्हटलं, आधी ओळखा.

डाळ शिजेना

तिसऱ्या वर्षी होळीनंतर दहा दिवसांनी मी टाकीसमोर टॉर्च घेऊन बसलो होतो आणि आई स्वयंपाकघरातून म्हणाली, ‘अरे, टँकर सुरू झाले वाटतं. आज डाळीला सहा शिट्ट्या दिल्या तरी दाणा राहिलाच.’

जड पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, हे तिला कोणी शिकवावं लागलं नाही. पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम डाळीच्या सालपटाला आणि दाण्याला घट्ट करतं. आमच्या सोसायटीत हिवाळ्यात महापालिकेचं पाणी पुरतं. मार्चपासून बोअरवेल आणि टँकर मिसळतात. मला हे माहीत होतंच, बिलात दर महिन्याला दिसतं. पण टाकीशी त्याचा संबंध लावला नव्हता, कारण टाकीत मी नळाचं पाणी घालतच नव्हतो. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी एका छोट्या डीआय रेझिनच्या (उरलेले क्षार पकडणारे दाणे) नळकांड्यातून गाळून घालत होतो. बसवलं तेव्हा टीडीएस मीटरवर (तो पाण्यात विरघळलेले क्षार मोजतो) शून्य आलं होतं. त्यानंतर मीटर ड्रॉवरमध्ये गेला.

तो काढला. नळाला ६४०. घरच्या आरओतून बाहेर १०४. रेझिननंतर ९६.

घरच्या पिण्याच्या आरओत बहुधा टीडीएस कंट्रोलर असतो. पाण्याला चव राहावी म्हणून तो थोडं न गाळलेलं पाणी परत मिसळतो. सर्व्हिसला आलेला मुलगा तो थोडा उघडून गेला होता, पिण्यासाठी ते बरोबरच होतं. हिवाळ्यात नळालाच कमी क्षार, त्यामुळे रेझिनवर भार कमी. उन्हाळ्यात रेझिन काही आठवड्यांत भरून गेलं आणि त्यानंतर पाणी त्यातून नुसतं फिरत होतं. शिवाय रेझिन थकायला लागलं की सिलिकेट सगळ्यांत आधी निसटतं आणि तेव्हा मीटर अजून ० किंवा १ च दाखवत असतो, कारण सिलिकेटचा विद्युतभार नगण्य. म्हणजे मीटर हलेपर्यंत थांबणं हेही उशिराचंच.

मग मी नायट्रेट किटने टाकीचं नाही, बादलीतलं पाणी तपासलं. ८ पीपीएम. आरओ पडदा नायट्रेटला कॅल्शियमइतकं घट्ट अडवत नाही आणि मिसळलेल्या पाण्याला तर पडदाच लागलेला नसतो.

आता उन्हाळ्याचं दुसरं अंग. पुण्याच्या कोरड्या हवेत टाकी थंड ठेवायला मी पाण्यावर पंखा लावतो. बाष्पीभवनाने तीन-चार अंश सहज उतरतात. (मुंबई-ठाण्याच्या दमटपणात हे एवढं जमत नाही, तिथे चिलर लागतो.) पण थंडीत दिवसाला दोन लिटर उडणारं पाणी पंख्याखाली पाच लिटर उडतं. उडतं ते शुद्ध पाणी. मीठ, नायट्रेट, फॉस्फेट मागेच राहतात, आणि उडालेल्याच्या जागी घालतो त्या टॉप-अपच्या पाण्याबरोबर नवीन येतात. पाच लिटर रोज म्हणजे महिन्याला दीडशे लिटर. लिटरमागे आठ मिलिग्रॅमने १२०० मिलिग्रॅम नायट्रेट, दोनशे लिटरमध्ये ६ पीपीएम. हे फक्त टॉप-अपमधून. आठवड्याला जे वीस लिटर ‘स्वच्छ’ मिठाचं पाणी बदलत होतो तेही त्याच बादलीतून. पाणी बदलतोय असं समजून मी तीन वर्षं शेवाळाचंच खाद्य भरत होतो.

होळी, टँकर, पंखा. तिन्ही एकाच पंधरवड्यात. म्हणून शेवाळ पंचांग बघून आल्यासारखं यायचं.

काय बदललं

टाकीसाठी वेगळं आरओडीआय घेतलं, ज्यात टीडीएस कंट्रोलर, मिनरल काडतूस वगैरे काही नाही. गाळाचा फिल्टर, कार्बन, पडदा आणि मागे एकापाठोपाठ एक दोन डीआय नळकांडी. पहिल्या नळकांड्यातून १ किंवा २ यायला लागलं की त्याचं रेझिन फेकायचं, दुसरं पुढे सरकवायचं आणि नवीन भरलेलं मागे लावायचं. म्हणजे निसटलेलं सिलिकेट पकडायला मागे कायम ताजं रेझिन. टँकरच्या दिवसांत गाळाचा फिल्टर महिन्याभरात चहाच्या रंगाचा होतो, तोही बदलतो. यंत्र एका लिटरमागे तीन-चार लिटर वाया घालवतं आणि ऐन उन्हाळ्यात ते बघवत नाही. आम्ही ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. कुंड्यांना रोज घालू नका, माती खारावते.

अलिबाग-जुहूहून कॅन भरून समुद्राचं पाणी आणायचा सल्लाही मला मिळाला होता. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाण्यातून आलेलं पोषण असतं आणि पावसाळ्यात खारटपणा उतरलेला असतो. टाकीला हे दोन्ही नको. किनाऱ्यावरची वाळूही तशीच राहू द्या.

खाद्याकडेही बघा, पण वेड्यासारखं नाही. सुक्या खाद्यात वजनाच्या साधारण एक टक्का फॉस्फरस धरला तर एक ग्रॅम खाद्यातून तीस मिलिग्रॅम फॉस्फेट येतं, दोनशे लिटरमध्ये ०.१५ पीपीएम. मी चिमटीने घालायचो आणि माझी चिमूट अर्ध्या ग्रॅमची होती, हे सोनाराकडच्या काट्यासारख्या छोट्या वजनकाट्यावर कळलं. आता दिवसाला त्याच्या निम्मं. गोठवलेलं मायसिस (बारीक कोळंबीसारखं खाद्य) गाळणीत धुऊन घालतो. मासे उपाशी ठेवून शेवाळ मारायला जाऊ नका, त्यात मासे आधी हरतात.

पाणी शुद्ध झालं, शेवाळ तरी तसंच?

इथे लोक नाद सोडतात, म्हणून जरा थांबून सांगतो. नवं आरओडीआय लावल्यावर सहा आठवडे काहीही फरक दिसला नाही. जीएफओ घातलं की फॉस्फेट उतरायचं, काढलं की पंधरा दिवसांत परत ०.२५ च्या वर. हे दगडांतून येत होतं.

प्लास्टिकच्या डब्यात वर्षभर लोणचं ठेवलं की डबा कितीही धुतला तरी वास येत राहतो, त्यातलंच हे. चुनखडीचा सच्छिद्र दगड पाण्यातलं फॉस्फेट स्वतःवर बसवून घेतो. पाण्यातलं कमी झालं की थोडं थोडं परत सोडतो. तीन वर्षं ज्याने साठवलं तो तीन आठवड्यांत रिकामा होणार नाही. शेवाळाची मुळं (खरं तर पकड, त्यांना मुळं नसतात) दगडालाच चिकटलेली, त्यामुळे पाण्यात येण्याआधीच त्यांना ते मिळतं.

इथे जीएफओ कामाला येतं, पण अर्ध्या मात्रेत आणि आठवड्याला फॉस्फेट मोजून. ०.०५ च्या खाली जायला लागलं की काढायचं. माझं ०.२८ वरून ०.०८ ला यायला तीन महिने लागले.

त्या तीन महिन्यांत हाताने काम करावंच लागतं. उचलता येणारा दगड बाहेर काढा, टाकीच्याच पाण्याच्या बादलीत धरून आधी बोटांनी उपटा, मग टूथब्रश, मग दुसऱ्या बादलीत विसळून परत ठेवा. बादलीतलं पाणी फेका. न निघणाऱ्या दगडांसाठी एअरलाइनच्या नळीला रबरबँडने टूथब्रश बांधा, ब्रश घासतो आणि नळी तुकडे ओढून नेते. उपटलेल्या प्रत्येक मुठीबरोबर नायट्रेट-फॉस्फेटही टाकीबाहेर जातं, हे लक्षात आलं की कंटाळा कमी येतो. हेच तत्त्व वापरून सम्पमध्ये किटोमॉर्फा वाढवता येतं. हिरव्या सुतळीच्या गुंड्यासारखं हे शेवाळ रात्री वेगळ्या दिव्याखाली वाढवायचं आणि महिन्याला निम्मं काढून टाकायचं. कॉलर्पा नको, ते एका रात्रीत विरघळून सगळं साठवलेलं परत सोडू शकतं. स्मिथसोनियनमधले वॉल्टर एडी यांनी १९८० च्या सुमारास जाळीवर पाणी पाडून शेवाळ वाढवायचा ‘टर्फ स्क्रबर’ केला, तोही याच विचारातला. माझ्याकडे जागा नाही, किटोचा गुंडा पुरतो.

चरणारे हवेतच

नुसतं पोषण आवळून शेवाळ जात नाही, हे समुद्रानेच दाखवलंय. १९८३-८४ मध्ये कॅरिबियन समुद्रात डायाडेमा नावाच्या लांब काट्यांच्या सागरी साळिंदरांत रोग पसरला आणि बहुतेक ठिकाणी नव्वद टक्क्यांहून जास्त मेले. जमैकात शेवाळ खाणारे मासे मासेमारीने आधीच कमी झाले होते. मग तिथले प्रवाळ काही वर्षांत शेवाळाखाली गेले. पाणी एका रात्रीत घाण झालं नव्हतं. चरणारे गेले होते.

माझ्याकडे आता आठ टर्बो गोगलगायी, एक टक्सिडो साळिंदर आणि जुना ब्लेनी. दोन सूचना. गोगलगायी कोवळी लव खातात, बोटभर वाढलेली झुलपं त्या सोडून देतात, म्हणून आधी तुम्ही कापणी करा, मग त्यांना सोडा. आणि टक्सिडो डोक्यावर काहीतरी घेऊन फिरतो. न चिकटवलेले झोअँथिड सकाळी दुसऱ्या टोकाला सापडतील. पिवळा टँग मासा उत्तम चरतो, पण तीन फुटांच्या टाकीत तो आणू नका, त्याला पळायला जागा लागते.

औषधं, आणि एक इशारा

हट्टी ठिपक्यांवर हायड्रोजन पेरॉक्साइड चालतं. परदेशी लेखांतली मात्रा ३ टक्क्यांची असते. आपल्याकडे मेडिकलमध्ये सहसा मिळतं ते ६ टक्के, ‘२० व्हॉल्यूम’ लिहिलेलं. समान आरओडीआय पाणी घालून ते निम्मं करा. दगड बाहेर काढून नुसत्या शेवाळावर ड्रॉपरने सोडा, दोन-तीन मिनिटं थांबा, खाऱ्या पाण्यात विसळा. क्लीनर आणि पेपरमिंट कोळंब्यांना हे सोसत नाही. ब्रायॉप्सिसवर बरेच हौशी लोक बुरशीवरचं फ्लुकोनॅझोल वापरतात, लिटरमागे साधारण ५ मिलिग्रॅम. गुण येतो, पण बुरशीनाशकाचं पाणी आपण शेवटी गटारात सोडतो हे मला पटत नाही. ब्रायॉप्सिस नसेल तर त्या वाटेला जायचं कारणही नाही.

आणि काहीही झालं तरी वैतागून दगड उकळू नका. झोअँथिड असलेल्या दगडात पॅलिटॉक्सिन असू शकतं. उकळल्यावर ते वाफेबरोबर हवेत जातं, आणि अशा प्रकारांत अख्ख्या कुटुंबांना इस्पितळात जावं लागलंय. मायक्रोवेव्ह, प्रेशर कुकर, गरम पाण्याचा नळ, काहीच नको. झोअँथिडचा दगड घासताना हातमोजे आणि चष्मा घाला, बोटाला चीर असेल तर ते काम पुढच्या रविवारी.

दिव्याबद्दल थोडक्यात. मी बारा तासांवरून आठवर आणला, त्याने वाढ मंदावली, थांबली नाही. मात्र तुमचं शेवाळ उन्हाळ्याऐवजी डिसेंबर-जानेवारीत येत असेल तर दक्षिणेकडची खिडकी तपासा. त्या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे आणि खाली असतो आणि दुपारचं ऊन खोलीत आतपर्यंत पोचतं. पडदा लावून बघा, बाकी काही करण्याआधी.

यंदा होळीच्या आदल्या रविवारीच रेझिन बदललं आणि नळकांड्यावर तारखेची चिठ्ठी चिकटवली. एप्रिलमध्ये पुन्हा बदलावं लागलं, हिवाळ्यात तेच चार महिने चाललं होतं. नायट्रेट ७, फॉस्फेट ०.०७. डाव्या वेव्हमेकरच्या जाळीवर नखाएवढा हिरवा झुबका आहे, तो गोगलगायींसाठी ठेवलाय. आणि मागच्या काचेला ओव्हरफ्लोशेजारी दोन साबुदाणे दिसतायत, ते या शनिवारी.